टाकीपासून तोटीपर्यंत

बीड जिल्ह्याच्या पाण्याविषयी आजवर पुष्कळ लिहिले आणि बोलले गेले आहे. पण त्यातील बहुतेक मजकूर धरणांचा, टँकरचा, बोअरचा आणि पावसाचा आहे. घराच्या भिंतीतून किंवा गच्चीवरून गेलेल्या अर्ध्या इंची प्लास्टिकच्या पाईपकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष गेले आहे. धरण, जलवाहिनी, जलकुंभ आणि वितरणाचे जाळे यांच्यावर कोणत्या ना कोणत्या योजनेचे नाव असते, त्यांचे अंदाजपत्रक असते, उद्घाटन असते आणि बिघाड झाला तर जाब विचारण्यासाठी एखादे कार्यालयही असते. नळजोडणी उंबऱ्याशी येऊन पोहोचली की मात्र पुढचे सारे घरमालकाच्या माथी असते. उंबऱ्याच्या आतले हे दहा-पंधरा मीटर कोणत्याही योजनेत धरलेले नाहीत, आणि दुरून मोठ्या खर्चाने आणलेले पाणी गळते, तापते आणि दूषित होते ते अनेकदा याच टप्प्यात. म्हणून या जिल्ह्यात तरी घरातील जुनी प्लास्टिकची नळजोडणी बदलणे ही किरकोळ डागडुजी मानता येत नाही. पाणी राखण्याच्या कामांपैकी ते सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे.

ही गोष्ट बीडच्या संदर्भात विशेष तीव्रतेने का म्हणावी लागते, हे जिल्ह्याची रचना पाहिली म्हणजे कळते. बालाघाटच्या डोंगररांगेमुळे जिल्ह्याचे पाणी निरनिराळ्या दिशांना वाटले जाते: बिंदुसरा सिंदफणेला आणि सिंदफणा गोदावरीला मिळते, मांजरा पाटोदा तालुक्यात उगम पावून केज-अंबाजोगाईच्या बाजूने लातूरकडे जाते, तर आष्टीकडचे पाणी सीनेवाटे भीमेच्या खोऱ्यात उतरते. पाऊस सरासरीने साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. आणि जमिनीखाली काळा बेसॉल्ट खडक, जो पाणी फक्त वरच्या मुरमाड थरात आणि भेगांमध्ये धरून ठेवतो. बीड शहराची भिस्त पालीजवळच्या बिंदुसरा प्रकल्पावर आणि सिंदफणेवरील माजलगाव धरणावर आहे. केज तालुक्यातील धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले तेव्हा, म्हणजे एप्रिल २०१६ मध्ये, त्यावर अवलंबून असलेल्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते आणि पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटर पाणी आले होते. पुढे मराठवाड्यातील अकरा मोठी धरणे जलवाहिन्यांनी एकमेकांना जोडण्याची वॉटर ग्रिडची कल्पना मांडली गेली, तीत माजलगाव आणि मांजरा ही दोन्ही धरणे आहेत. एका धरणापासून दुसऱ्या धरणापर्यंतच्या पाईपचा विचार होतो, तो व्हायलाच हवा. पण टाकीपासून तोटीपर्यंतच्या पाईपचा विचार कोण करणार, हा प्रश्न तसाच राहतो.

थोडा हिशेब केला तर या प्रश्नाचे वजन लक्षात येते. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागात माणशी दररोज ५५ लिटर पाणी नळाने देण्याचे उद्दिष्ट आहे. टंचाईच्या काळात टँकरने पाणी पुरवताना ग्रामीण भागासाठी माणशी २० लिटर हे प्रमाण धरले जाते. आता एखाद्या जोडातून दर सेकंदाला एक थेंब गळत असेल, तर दिवसभरात ८६,४०० थेंब होतात आणि थेंबाच्या आकारानुसार हे पाणी चार-पाच लिटरपासून वीस लिटरपर्यंत भरते. वरची मर्यादा धरली, तर टंचाईत एका माणसाला दिवसभर पुरवायचे पाणी एकाच जोडातून जमिनीत जाते. पाच माणसांच्या घराला ५५ लिटरच्या हिशेबाने दिवसाला २७५ लिटर लागतात; पाणी आठ दिवसांनी येत असेल तर २,२०० लिटर साठवून ठेवावे लागतात. अशा घरात तीन ठिकाणी मिळून रोज तीस लिटर गळाले, तरी पुढचे पाणी येईपर्यंत २४० लिटर गेलेले असतात, म्हणजे जवळजवळ एका दिवसाचे पाणी. ज्या गावी नळ रोज येतो तिथे ही गळती डोळ्यांआड होऊ शकते. जिथे पाण्याच्या दिवसाची वाट पाहिली जाते तिथे ती परवडणारी नाही.

जमिनीखालून पाणी वाहून नेणे ही या प्रदेशाला नवी गोष्ट नाही. बीडच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर असलेली खजिना विहीर निजामशाहीच्या काळात, १५८२ च्या सुमारास, सलाबतखानाने बांधवली आणि तिची रचना राजा भास्कर यांनी केली असे मानले जाते. विहिरीला जोडलेल्या भुयारी मार्गातून पाणी केवळ उताराच्या बळावर बलगुजार भागातील शेतीपर्यंत नेले जात असे, आणि दुष्काळातही ही विहीर आटत नाही अशी तिची ख्याती आहे. पुढे सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने खडकी शहरासाठी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरसाठी, नहर काढली, तेव्हा दगडी बांधकामाबरोबर खापराचे नळही वापरले गेले. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजहून पुण्यात आणलेल्या जलवाहिनीवर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले होते. उच्छ्वास म्हणजे नळात कोंडलेली हवा बाहेर जावी म्हणून उभारलेला बांधीव मनोरा. बंद नळात हवा अडकली की पाणी अडते, हे त्या कारागिरांना पक्के ठाऊक होते. आजच्या घरांच्या नळजोडणीत नेमकी हीच गोष्ट विसरली जाते, आणि तिच्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

मात्र ही सारी व्यवस्था शेताची आणि शहराची होती, घराच्या आतली नव्हे. बीड, अंबाजोगाई, धारूर अशा जुन्या गावांतील दगडी भिंतींच्या आणि माळवदाच्या घरांत आड, रांजण आणि न्हाणी असे, पाणी खांद्यावरून किंवा डोक्यावरून येई आणि पाईप नावाची वस्तूच नसे. नळ घरात आला तो लोखंडी पाईपमधून. या पाईपवर जस्ताचा लेप असतो, ज्यामुळे गंज उशिरा धरतो, आणि बाजारात तो ‘जीआय’ या नावाने ओळखला जातो. बेसॉल्टमधल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात, त्यालाच बोलीत जड पाणी म्हणतात. त्याचा थर आणि गंज मिळून जीआय पाईपचे तोंड काही वर्षांत इतके बारीक होते की अर्ध्या इंची पाईपमधून जेमतेम करंगळीएवढी धार येते. त्यामुळे न गंजणारा, हलका आणि स्वस्त प्लास्टिकचा पाईप बाजारात आला, तेव्हा लोकांनी तो आनंदाने स्वीकारला, आणि त्यात त्यांचे काहीही चुकले नाही.

हा पाईप बहुधा शेताच्या वाटेने घरात शिरला. पीव्हीसी, म्हणजे पॉलिव्हिनाइल क्लोराईड, या प्लास्टिकचे पाईप जर्मनीत १९३० च्या दशकात वापरात आले. महाराष्ट्रात जळगावच्या भवरलाल जैन यांनी १९८० मध्ये त्यांचे उत्पादन सुरू केले, आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत विहिरीपासून बांधापर्यंत राखाडी पाईपलाईन नसलेले बागायती शेत शोधूनही सापडेनासे झाले. शेतात पाईप जोडण्याचे कसब गावोगाव पसरले. शेतातून उरलेला पाईप घराच्या टाकीला, ठिबकची काळी नळी अंगणातल्या नळाला, आणि शेतात पाईप जोडणारा माणूसच घरातला प्लंबर, अशी सोयीची व्यवस्था बसली. तिने गरज भागवली, हे खरे. पण ठिबकची नळी सिंचनासाठी बनवलेली असते, पिण्याच्या पाण्यासाठी नव्हे, आणि शेतातली रीत भिंतीच्या आत चालत नाही.

एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. शेतात दोन पाईप जोडताना जोडणीचा सुटा भाग जवळ नसेल, तर एका पाईपचे टोक पाचटाच्या किंवा काटक्यांच्या जाळावर फिरवून मऊ करतात आणि दुसऱ्या पाईपचे टोक त्यात दाबून बसवतात. थंड झाल्यावर ते घट्ट बसते. पण ताणले गेल्यामुळे तापवलेल्या टोकाची भिंत पातळ होते, जाळ सगळीकडे सारखा न लागल्याने एका बाजूला ती करपते, आणि पुढे पाईप फुटला की अनेकदा तिथेच फुटतो. घरात हीच युक्ती आणखी एका कारणाने केली जाते. शेतीच्या पाईपचे माप मिलिमीटरमध्ये बाहेरच्या व्यासावरून ठरते, तर घरगुती प्लंबिंगचा पाईप इंची मापाचा असतो. शेतीचा लहानातला लहान पाईप बाहेरून २० मिलिमीटर, अर्धा इंची प्लंबिंगचा पांढरा यूपीव्हीसी २१.३ मिलिमीटर आणि अर्धा इंची सीपीव्हीसी १५.९ मिलिमीटर भरतो. हे तीनही पाईप बोलण्यात ‘अर्धा इंची’च असतात, पण एकमेकांत बसत नाहीत. मग एकाला तापवून, दुसऱ्याला तासून, वरून एम-सील लावून आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून जोड साधला जातो. जुन्या घरात गळतीचा माग काढत गेले की असा एखादा जोड हमखास हाती लागतो.

येथे दोन संज्ञा स्पष्ट केल्या पाहिजेत. यूपीव्हीसी म्हणजे मऊपणा आणणारी द्रव्ये न मिसळलेले, कडक पीव्हीसी. पिण्याच्या पाण्यासाठीच्या अशा पाईपचे भारतीय मानक ४९८५ या क्रमांकाचे आहे आणि त्यात पाईपची दाब सोसण्याची ताकद २७ अंश सेल्सिअस तापमानाला धरून वर्ग ठरवले आहेत. तापमान वाढले की ही ताकद घटते, आणि ४५ अंशांपलीकडच्या पाण्यासाठी हा पाईप नसतोच. सीपीव्हीसी म्हणजे त्याच प्लास्टिकमध्ये क्लोरीनचे प्रमाण सुमारे ५७ टक्क्यांवरून ६३ ते ६९ टक्क्यांपर्यंत वाढवून तयार केलेले, उष्णता अधिक सोसणारे प्लास्टिक. त्याचे मानक १५७७८ आहे, रंग बहुधा फिकट पिवळसर असतो, आणि भारतातील घरांत त्याचा प्रसार १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून झाला. म्हणजेच त्यापूर्वी, किंवा त्यानंतरही काटकसरीने बांधलेल्या बीडमधील घरांत जो पाईप आहे तो बहुधा साधा पीव्हीसी आहे, आणि तो आता वीस ते तीस वर्षांचा झाला आहे.

हा पाईप निकामी कशामुळे होतो, याविषयी एक चुकीची समजूत रूढ आहे. पाण्याच्या दाबाने पाईप फुटतो, असे सहज म्हटले जाते. पण दहा मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला एक किलो असतो, आणि एकमजली घराच्या गच्चीवरील टाकी तोटीपासून चार मीटर उंच असेल तर दाब अर्धा किलोही होत नाही. चार किलो दाबाच्या वर्गातला पाईपसुद्धा याच्या कितीतरी पट दाब सोसतो. पाईप मरतो तो उन्हाने. बीडमध्ये एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आणि तळपणाऱ्या स्लॅबला टेकून पडलेला पाईप हवेपेक्षाही पुष्कळ अधिक तापतो. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी प्लास्टिकच्या वरच्या थरातील रेणूंच्या साखळ्या तुटतात, पाईपचा रंग उडतो आणि लवचीकपणा जातो. गच्चीवरचा असा पाईप कापून पाहिला तर बाहेरच्या अंगाला खडूसारखी भुकटी बोटाला लागते, काप सरळ न जाता कडेचे टवके उडतात, आतल्या अंगाला क्षारांचा पांढुरका-तपकिरी पापुद्रा दिसतो, आणि अंगठ्याने जोर देताच तुकडा मोडतो. त्याच घरातल्या, त्याच वर्षी बसवलेल्या, पण भिंतीच्या आत सावलीत राहिलेल्या पाईपचा तुकडा मात्र अजूनही वाकून परत सरळ होतो. जुनी जोडणी बदलण्याचा क्रम यावरूनच ठरवावा: गच्चीवरचा आणि उन्हाच्या भिंतीवरचा पाईप आधी, आतला नंतर.

उन्हाखेरीज दुसरे कारण म्हणजे पाईपचे लांबणे आणि आखडणे. दहा मीटर लांबीचा पीव्हीसी पाईप वीस अंशांच्या फरकाने सुमारे दीड सेंटिमीटर लांबतो. रोज दुपारी लांबणारा आणि पहाटे आखडणारा हा पाईप दोन्ही टोकांना सिमेंटमध्ये गच्च बसवलेला असेल, तर सारा ताण कोपऱ्यातल्या एल्बोवर, म्हणजे काटकोनी वळणाच्या जोडावर येतो, आणि काही वर्षांनी तिथे केसासारखी बारीक चीर पडते. तिसरे ठिकाण तोटीच्या मागचे आहे. पितळी किंवा लोखंडी तोटी प्लास्टिकच्या आट्यांमध्ये फिरवून बसवली जाते. ती गळू लागली की पान्ह्याने आणखी आवळतात, टेफ्लॉन टेपचे वेढे वाढवतात, आणि त्या जोराने प्लास्टिकची आटीच उकलते. आत पितळेची आटी बसवलेला एल्बो साध्या एल्बोपेक्षा महाग असतो, पण घरभरात असे सात-आठच लागतात. तिथे वाचवलेला पैसा पुढे टाइल्स फोडण्यात जातो.

पाणी रोज न येण्याचे परिणाम याहून वेगळे आणि अधिक गंभीर आहेत. पाण्याच्या दिवशी अनेक घरांत टिल्लू पंप, म्हणजे छोटी विजेची मोटर, थेट नगरपरिषदेच्या नळजोडणीला लावली जाते. ती ओढू लागली की बाहेरच्या पाईपमध्ये दाब शून्याखाली जातो, आणि गटाराशेजारून गेलेल्या पाईपला चीर असेल तर गटाराचे पाणी त्या चिरेतून आत शोषले जाते. जुना, पातळ पाईप अशा ओढीने चेपतोसुद्धा. ही मोटर बेकायदा आहे म्हणून नव्हे, तर ती शेजाऱ्याचे पाणी आणि स्वतःचे आरोग्य दोन्ही ओढून नेते म्हणून काढली पाहिजे. नळाचे पाणी आपल्या दाबाने जमिनीतल्या हौदात पडू द्यावे, आणि हौदातून मोटरने गच्चीवर न्यावे, हीच योग्य रचना आहे.

दुसरा धोका दोन पाण्यांच्या सरमिसळीचा. बीडमधल्या अनेक घरांत नळाचे पाणी पिण्यासाठी आणि बोअरचे पाणी वापरण्यासाठी असते, पण कधीतरी टंचाईत दोन्ही एकाच टाकीत सोडता यावीत म्हणून मधे एक व्हॉल्व्ह टाकून जोड दिला जातो आणि तो तसाच राहून जातो. व्हॉल्व्ह झिजला की पाणी नकळत मिसळू लागते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० मिलिग्रॅम आहे. नायट्रेटची मर्यादा मात्र ४५ मिलिग्रॅम असून तिला कोणतीही सवलत नाही. पाईप बदलताना दोन पाण्यांच्या दोन टाक्या आणि दोन स्वतंत्र ओळी करणे, आणि त्यांच्यात एकही जोड न ठेवणे, हा या कामातला सर्वांत मोठा लाभ आहे. केवळ जुन्या पाईपच्या जागी नवा पाईप बसवून हा लाभ हुकवू नये.

तिसरी अडचण हवेची. टाकी वारंवार पूर्ण रिकामी होत असल्याने पाईपमध्ये हवा शिरते, आणि ओळ कुठे वर चढून खाली उतरत असेल तर त्या उंचवट्यावर ती अडकून बसते. टाकी भरली तरी स्वयंपाकघरात पाणी येत नाही, मग तोटीला तोंड लावून ओढायचे किंवा पाईपचा जोड सैल करायचा, हे प्रकार त्यातूनच होतात. यावर उपाय कात्रजच्या उच्छ्वासांचाच आहे: टाकीतून खाली येणाऱ्या ओळीवर, टाकीच्या व्हॉल्व्हच्या लगेच पुढे, वरच्या तोंडाशी टाकीपेक्षा उंच असा एक उभा पाईप ठेवायचा आणि त्याला जाळीचे टोपण घालायचे. दोन मीटर पाईप आणि एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, एवढाच त्याचा खर्च आहे.

नवा पाईप कोणता घ्यावा, याचे उत्तर बीडच्या हवामानात तरी फारसे अवघड नाही. घराच्या आत सीपीव्हीसी घ्यावा, अगदी गार पाण्याच्या ओळीसाठीही, कारण मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी गार नसते. सोलर हीटरच्या टाकीलगतचा पहिला तुकडा मात्र धातूचा असावा; बंद पडलेल्या किंवा दुपारी न वापरलेल्या सोलरमध्ये पाणी प्लास्टिकच्या मर्यादेपलीकडे तापू शकते. अंगणातून जमिनीखालून जाणाऱ्या ओळीसाठी काळा एचडीपीई, म्हणजे लवचीक पॉलिथिनचा पाईप चांगला. त्याचे मानक ४९८४ आहे. उन्हातल्या पाईपला पाण्यात मिसळणारा पांढरा रंग द्यावा, ऑइलपेंट नव्हे, कारण ऑइलपेंटमधील द्रावक प्लास्टिकला बाधू शकतो. खरेदी करताना पाईपवर छापलेली ओळ वाचावी: तिच्यात उत्पादकाचे नाव, मानकाचा क्रमांक, माप, दाबाचा वर्ग आणि परवाना क्रमांक असतो, आणि हा क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपवर पडताळून पाहता येतो. ज्या पाईपवर अशी ओळ नाही तो कितीही स्वस्त असला तरी पिण्याच्या पाण्यासाठी घेऊ नये.

ही ओळ वाचण्याला आणखी एक कारण आहे. पीव्हीसी तयार करताना ते उष्णतेने विघटित होऊ नये म्हणून स्थिरक द्रव्ये मिसळावी लागतात, आणि भारतात दीर्घ काळ त्यासाठी शिशाची संयुगे वापरली गेली. पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम इतकी कडक आहे, कारण लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो. राष्ट्रीय हरित लवादापुढे हा विषय गेल्यानंतर केंद्र सरकारने २०२१ मध्ये पीव्हीसी पाईपमधील शिशाच्या स्थिरकांविषयी नियम केले. जुन्या घरातला पाईप या नियमांच्या आधीचा आहे. तो बदलला जाईपर्यंत निदान इतके करावे, की रात्रभर पाईपमध्ये राहिलेले सकाळचे पहिले पाणी पिण्यासाठी न भरता भांड्यांसाठी किंवा झाडांसाठी बादलीत घ्यावे.

प्रत्यक्ष जोडणीत सर्व काही सोल्युशनवर अवलंबून असते. प्लंबर ज्याला सोल्युशन म्हणतात तो साधा डिंक नसतो. त्यातले द्रावक पाईपचा आणि जोडाचा पृष्ठभाग विरघळवतात आणि मग दोन्ही एकजीव होतात. म्हणून पीव्हीसीचे सोल्युशन सीपीव्हीसीला चालत नाही, मुदत संपलेल्या किंवा घट्ट झालेल्या डब्यातले पातळ करून वापरता येत नाही, आणि ओल्या किंवा धुळीच्या पाईपवर ते धरत नाही. पाईप काटकोनात कापावा, कापाच्या कडा घासाव्यात, दोन्ही अंगांना सोल्युशन लावून पाव फेरा देत पाईप पूर्ण आत बसवावा आणि अर्धा मिनिट दाबून धरावा, कारण सोडताच तो मागे सरकतो. या अर्ध्या मिनिटाचा कंटाळा केल्यामुळे जितके जोड गळतात तितके मालाच्या दोषामुळे गळत नसावेत. जोड वाळल्यावर, आणि झिरी, म्हणजे भिंतीत खोदलेली खाच, बुजवण्यापूर्वी, हातपंपाने नेहमीच्या दाबाच्या किमान दीडपट दाब देऊन ओळ तपासावी आणि तासभर काटा खाली येतो का ते पाहावे. ही तपासणी करा असे सांगितले की काम लांबते अशी तक्रार होते. घरमालकाने ती ऐकू नये. प्लास्टर करण्याआधी प्रत्येक भिंतीचे फूटपट्टी धरून छायाचित्र काढावे, म्हणजे पुढे खिळा ठोकताना पाईप फुटणार नाही. शेवटी सर्व तोट्या उघडून ओळ धुवावी, आणि ग्रामपंचायतीत ज्याला टीसीएल म्हणतात त्या ब्लीचिंग पावडरचे पाणी काही तास ओळीत ठेवून मग सोडून द्यावे. वापरातून गेलेले जुने फाटे टोपण घालून तसेच ठेवू नयेत. त्यात साचलेले पाणी सडते आणि मुख्य ओळीत मिसळत राहते.

काढलेल्या पाईपचे काय करावे, हेही सांगितले पाहिजे, कारण बंबात पाणी तापवायला किंवा थंडीत शेकोटीला प्लास्टिक घालण्याची सवय अजून गेलेली नाही. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराईड हा घसा आणि फुप्फुसे जाळणारा वायू निघतो आणि डायऑक्सिनसारखी दीर्घकाळ टिकणारी विषे तयार होतात. तुकडे भंगारवाल्याकडे द्यावेत. या प्लास्टिकचा पुनर्वापर होतो.

जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात, तेव्हा दसरा-दिवाळीनंतर त्यांची घरे सहा महिने बंद असतात. अशा घरांची जोडणी इतरांपेक्षा लवकर बिघडते: बॉलकॉकचे रबर वाळते, टाकीत उरलेले पाणी सडते, उंदीर प्लास्टिकच्या नळ्या कुरतडतात, आणि माणसे परत येतात ती नेमकी उन्हाळ्याच्या ऐन टंचाईत. जाताना मुख्य व्हॉल्व्ह बंद करून टाकी आणि ओळ पूर्ण रिकामी करणे आणि तोट्या उघड्या ठेवणे एवढे केले तरी पुष्कळ वाचते. शासनाने या कुटुंबांच्या घरांत नळ दिले आहेत, तर अशा घरांच्या आतल्या जोडणीची वर्षातून एकदा तपासणी करण्याची सोयही ग्रामपंचायतीने करायला हरकत नाही. त्यासाठी लागणारा प्लंबर बाहेरून आणावा लागणार नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत प्लंबर हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, आणि त्यात शिकलेल्या तरुणांना आपल्याच तालुक्यात काम मिळाले तर कोयता हाती घेण्याची वेळ काहींवर तरी येणार नाही.

कामाचा आराखडा ठरवताना घरातील बाईला विचारावे, हे सांगावे लागते याची खंत वाटते. कोणत्या तोटीला धार कमी आहे, कोणत्या भिंतीला ओल येते, हंडा कुठल्या उंचीवर ठेवला तर भरतो, स्वयंपाकघरात पिण्याच्या पाण्याची तोटी कोणत्या हाताला असावी, हे तिला रोजच्या वापराने ठाऊक असते. बोलणी मात्र बहुधा घरातला पुरुष आणि प्लंबर या दोघांत होतात, आणि टाइल्स बसल्यावर चूक कळते.

नगरपरिषदा आणि ग्रामपंचायती यांच्याकडे एक मागणी आहे. नवी नळजोडणी देताना किंवा जुनी नियमित करताना घराच्या आतील ओळींची एकदा दाबतपासणी व्हावी आणि टिल्लू पंप व दोन पाण्यांचे जोड काढून टाकल्याची खातरजमा व्हावी. तपासणीचा एक हातपंप प्रत्येक प्रभागात ठेवणे कोणत्याही संस्थेला परवडण्यासारखे आहे. घरमालकांनी मात्र त्याची वाट पाहू नये. हे काम करण्याचा काळ दिवाळीनंतर होळीपर्यंतचा आहे: हवा गार असते, जोड नीट धरतात, धरणात आणि बोअरमध्ये पाणी असते आणि प्लंबर मोकळे असतात. येत्या आठवड्यात गच्चीवर जाऊन सर्वांत जुन्या पाईपवर नख ओढून पाहावे. पांढरी भुकटी आली, तर पुढचा उन्हाळा लागण्यापूर्वी तो बदलावा.